मानशीचे दार : खाजन, गावकारी आणि खाडीतले पर्यटन

पणजीहून रायबंदरकडे जाणाऱ्या रस्त्याने आपण एकदा तरी गेला असाल. डाव्या हाताला मांडवी, उजव्या हाताला सखल पाणथळ, त्यात कांदळ आणि तिवर, ओहोटीला उघडा पडणारा चिखल आणि त्यावर एका पायावर उभे राहिलेले बगळे. आपली गाडी ज्या रस्त्यावरून जाते तो 1633–34 साली व्हाइसरॉय कौंट द लिन्यारिश याच्या कारकिर्दीत बांधला गेला. सुमारे तीन किलोमीटर लांबीचा हा पूलवजा बांध आजही वाहतूक पेलतो आहे. बरोबर पाहुणे असले तर ते उजवीकडे बोट दाखवून म्हणतात, काय सुंदर निसर्ग आहे हो तुमच्याकडे! आणि आपण मान डोलावतो.

ही मान डोलावण्यात आपली एक चूक होते. या व्याख्यानात मला त्या चुकीविषयीच बोलायचे आहे, कारण आता ती नुसती बोलण्यातली राहिलेली नाही. आपल्या खाड्यांत पर्यावरणपूरक पर्यटन आणायचे, होड्या फिरवायच्या, पक्षी दाखवायचे, असे बेत गेली कित्येक वर्षे आखले जात आहेत. हेतू वाईट आहे असे मी म्हणणार नाही. पण ज्या नकाशावर हे बेत आखले जातात त्यात पाणथळ जागा म्हणजे निळ्या-हिरव्या रंगाचा एक ठिपका असतो. त्या ठिपक्याला एक दार आहे, ते रोज दोनदा उघडते आणि दोनदा मिटते, आणि ते दार कुणीतरी शेकडो वर्षे सांभाळले आहे, हे नकाशात दिसत नाही. त्या दाराला आपण मानस म्हणतो.

जमीन किती जुनी ते आधी पाहू. बांदोडे येथे सापडलेले मौर्य राजा अनिर्जितवर्मा याचे ताम्रपट अभ्यासक साधारण सहाव्या शतकाच्या सुमाराचे मानतात. हे मौर्य म्हणजे पाटलीपुत्राचे नव्हेत, कोकणातले. त्या दानलेखात एका ब्राह्मणाला करमुक्त जमीन दिली आहे, आणि त्या जमिनीला शब्द वापरला आहे ‘खज्जन’. दान घेणाऱ्याने तिथे माणसे वसवावीत, रान साफ करावे आणि बांध घालून खारे पाणी अडवावे, अशी त्यामागची अपेक्षा आहे. आपण आज ‘खाजन’ म्हणतो तो हाच शब्द. म्हणजे निदान चौदाशे वर्षांपूर्वी या किनाऱ्यावर समुद्राकडून जमीन मागून घेण्याची विद्या ठाऊक होती, आणि तिच्यासाठी राजाच्या कारकुनाला वापरता येईल असा रूढ शब्दही होता. देणारा राजा जमीन देत नव्हता, एका अर्थी काम देत होता. बांध घालशील तर जमीन आहे, नाहीतर चिखल आहे.

खाजन कसे चालते हे आपल्यापैकी तिसवाडी-सासष्टीच्या वाचकांना सांगायला नको. पण इंदूर-बडोद्याच्या वाचकांसाठी थोडे थांबतो. मांडवी, जुवारी, शापोरा, साळ या आपल्या नद्यांत भरतीचे पाणी खूप आतपर्यंत शिरते. या नद्यांच्या काठची जमीन भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे. तिच्याभोवती चिखलाचा, पेंढ्याचा, आणि नदीच्या बाजूने जांभ्या दगडाचा बांध. बांधाच्या आत नदीतून येणारे ओहळ आणि पाणी साठायची खोलगट जागा, तिला पोंय म्हणतात. बांधात एका ठिकाणी दगडी बांधकाम करून लाकडी दारे बसवलेली, ती मानस. भरतीचे पाणी चढू लागले की त्याच्याच रेट्याने दारे मिटतात. ओहोटी लागली की आतल्या पाण्याचा भार जास्त होतो आणि दारे उघडून पाणी नदीत जाते. विजेवाचून, पंपावाचून, चंद्राच्या वेळापत्रकावर चालणारे हे यंत्र आहे. पावसाळ्यात मुसळधार पाऊस जमिनीतले मीठ धुऊन काढतो आणि मग कोरगूट हे खारटपणा सोसणारे भात पेरतात. पीक निघाले की हिशेबाने खारे पाणी आत घेतात. त्याबरोबर कोळंबी, शेवटे, काळुंद्रे, खेकडे येतात. ओहोटीला मानशीच्या तोंडाशी जाळे लावले की मासळी हाती लागते. काही ठिकाणी त्याच जमिनीवर मिठागरे. एकाच तुकड्यातून भात, मासळी आणि मीठ.

(मिठाची गोष्ट वेगळ्या व्याख्यानाची आहे. 1878 च्या इंग्रज-पोर्तुगीज कराराने गोव्यातल्या मिठाचा ताबा ब्रिटिश हिंदुस्थान सरकारकडे गेला. करार 1892 मध्ये संपला, पण तोवर कित्येक आगरांची कंबर मोडली होती. एवढे सांगून पुढे जातो.)

या यंत्राचा नाजूक भाग लाकडी दार नव्हे, दार सांभाळणारी माणसे. खेकडे बांधाला भोके पाडतात. आज बोटभर असलेले भोक चार भरत्यांत हातभर होते, आणि एका रात्री बांध फुटून वर्षाचे भात जाते. पुढची दोन-तीन वर्षेही ती जमीन मीठ ओकत राहते. माझ्या शेतापुढचा बांध मी नीट ठेवला आणि शेजाऱ्याने ठेवला नाही, तर पाणी शेजाऱ्याकडून माझ्याकडे येणारच. म्हणून खाजन एकट्याने करता येत नाही. गावकारी ही संस्था कशी जन्मली यावर विद्वानांत मतभेद आहेत, पण ती टिकली का, याचे एक उत्तर मला बांधावर उभे राहिले की मिळते.

16 सप्टेंबर 1526 या तारखेचा अफोंसू मेशिया याचा फोराल आपल्या इतिहासात प्रसिद्ध आहे. पोर्तुगीजांनी गावकारीचे रिवाज लिहून काढले ते या दस्तऐवजात. त्याच्या आरंभीच कधीकाळी चार माणसे ओसाड बेट लागवडीस आणायला आली आणि त्यांच्यापासून गावकर झाले, अशी परंपरा नोंदलेली आहे. सत्ताधाऱ्यांना महसुलाशी मतलब होता, हे उघड आहे. पण लिहिता लिहिता त्यांनी गावाची मूळ कल्पनाही लिहून ठेवली. ज्यांनी जमीन उभी केली ते गावाचे कारभारी. पुढे गावकारीला ‘कोमुनिदाद’ हे नाव मिळाले, तिची संहिता झाली, सरकारी देखरेख वाढली, गावकरांचे अधिकार आखडले. गावकारीचे गोडवे गाताना तिच्यात कोण बसत होते आणि कोण बाहेर उभे होते हेही विसरू नये. बांधावर चिखल थापणारे हात आणि सभेत बोलणारी तोंडे बहुधा एकाच माणसाची नव्हती.

तरी तिच्या हिशेबवहीतली एक रीत मला फार मोलाची वाटते. गावाचे उत्पन्न आले की त्यातून आधी सरकारदेणे, बांध-मानशीची दुरुस्ती, देवळाचा आणि गावाचा खर्च भागायचा. उरेल ते गावकरांत वाटले जायचे, त्याला जोण म्हणत. लक्षात घ्या, जोण शेवटी. दुरुस्ती हा नफ्यातून दिलेला दानधर्म नव्हता. दुरुस्ती आधी झाली तरच नफा नावाची वस्तू असायची.

1961 नंतर काय झाले ते आपल्या डोळ्यांसमोरचे आहे. 1964 चा कूळ कायदा आला. कुळांना संरक्षण मिळाले, आणि ते न्याय्यच होते. पण बांध कुणाचा, हा प्रश्न दोन पाटांच्या मध्ये पडला. कोमुनिदादीला जमिनीतून पूर्वीसारखे काही मिळेना, तेव्हा बांधावर खर्च करायला तिचा हात सरेना. कुळांचे संघ नेमले गेले, त्यांच्याकडे बांधाची जबाबदारी आली. त्यांच्या हाती उत्पन्नाचे एक ठोस साधन होते, मानशीच्या मासळीचा लिलाव. इथे गोष्ट उलटली. भाताला भाव नाही, मजूर मिळत नाही, आणि कोळंबीला मात्र बाजार. लिलाव घेणाऱ्याचा मुक्काम वर्षाचा. त्याला हवे खारे पाणी, तेही जास्तीत जास्त. मानशीची दारे अवेळी उघडी राहू लागली, शेतात मीठ चढले, शेते पडीक झाली. पडीक शेताचा बांध कोण राखणार? काही ठिकाणी बांध आपसूक फुटले. काही ठिकाणी ते फोडले गेले, असे गावोगावी बोलले जाते, आणि अभ्यासकांनीही ते लिहिले आहे. भर म्हणून खनिजवाहू बार्जींच्या लाटा बांधांवर आदळत राहिल्या.

बांध फुटलेल्या खाजनात काय उगवते? खारफुटी. गोव्यात गेल्या काही दशकांत वाढलेल्या खारफुटीचा बराच भाग अशा सोडून दिलेल्या खाजनांवर उभा आहे. तिथे आता पक्षी आहेत, पाणमांजरे आहेत, चिखलावर उड्या मारणाऱ्या निवट्या आहेत. हे चांगले की वाईट? मला या प्रश्नाचे एका शब्दात उत्तर देता येत नाही, आणि जे देतात त्यांचा मला संशय येतो. नदीकडच्या अंगाला उभी असलेली खारफुटी लाटांचा मार सोसून बांधाला वाचवते. बांधाच्या आत शिरलेली खारफुटी म्हणजे एका गावाने आपले शेत हरल्याची खूण. झाड तेच. शेतकऱ्याला ते आपल्या शेतात वाढलेले दिसते, वनखात्याला संरक्षित झाड दिसते, पाहुण्याला निसर्ग दिसतो. तिघेही खोटे बोलत नाहीत. पर्यटनाची योजना या तिघांना एका टेबलाशी बसवणार की नाही, हा खरा मुद्दा आहे.

चोडण बेटाच्या पश्चिम टोकाचे डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आपल्या ओळखीचे आहे. सलीम अली 1987 मध्ये गेले आणि 1988 मध्ये हे अभयारण्य त्यांच्या नावाने जाहीर झाले. क्षेत्रफळ अवघे 1.78 चौरस किलोमीटर, म्हणजे देशातल्या अगदी लहान अभयारण्यांपैकी. रायबंदरच्या धक्क्यावरून फेरीबोटीने पलीकडे गेले की थोड्या अंतरावर खारफुटीतून जाणारी पायवाट लागते. होडीने आत जायचे तर भरती-ओहोटीचे गणित पाहावे लागते. मला या जागेची ही गैरसोय फार आवडते. पाहुण्याने घड्याळ न पाहता नदी पाहून यावे, असे सांगणारी जागा कितीशी उरली आहे? उद्या कुणी गाळ काढून तिन्ही त्रिकाळ होडी चालेल असा मार्ग करू म्हणाले, तर ती सोय ठरेल आणि त्याच दिवशी पक्ष्यांचा चिखल जाईल. ओहोटीचा उघडा चिखल हेच तुतवारांचे ताट आहे.

चोडणहून पुढे, मांडवी आणि जुवारी यांना जोडणारा कुंभारजुव्याचा कालवा. तिथे मगरी आहेत. गोड्या पाण्यातली समजली जाणारी ही मगर इथे मचूळ पाण्यात राहते, म्हणून अभ्यासकांना तिचे कौतुक, आणि होडीवाल्यांना तर आहेच. ‘मगर दाखवू’ म्हणून पाहुणे नेले जातात. पण त्याच कालव्याच्या काठच्या काही गावांत पौष अमावास्येला ओल्या चिखलाची मगर करतात, तिच्या अंगाला शिंपल्या लावतात, फुले वाहतात. ही मांगेथापणी. खाजनाचा आणि बांधाचा राखणदार म्हणून शेतकरी तिची पूजा करतात. ज्या चिखलाने बांध लिंपायचा त्याच चिखलाची देवता. होडीतल्या पाहुण्याला मगर दिसली तर दात दिसतात. काठावरच्या बाईला राखणदार दिसतो. मार्गदर्शकाने दुसरी गोष्ट सांगितली नाही तर पाहुणा अर्धीच मगर पाहून परत जातो. आणि सांगायची तर ती सांगणारा त्या गावचाच हवा. मात्र मांगेथापणीचे तिकीट लावून खेळ करू नये. ती तिच्या अमावास्येला, तिच्या शेताच्या कडेला होऊ द्यावी.

आपल्या सीमेपलीकडे, फार लांब नाही, एक उदाहरण आहे. वेंगुर्ल्याजवळच्या मांडवी खाडीत (नाव तेच, खाडी वेगळी) स्वामिनी बचतगटाच्या महिलांनी 2017 पासून कांदळवनाची सफर चालवली आहे. होड्या वल्ह्यांच्या. वल्हवणाऱ्या त्याच, झाडे ओळखून सांगणाऱ्याही त्याच. महाराष्ट्राच्या कांदळवन कक्षाचे पाठबळ त्यांना मिळाले. मला त्यात तीन गोष्टी दिसतात. इंजिन नसल्याने लाट नाही आणि आवाज नाही. होडी लहान असल्याने गर्दीला आपोआप मर्यादा. आणि पैसा खाडीच्या काठावरच उतरतो. आपल्या पणजीच्या मांडवीत नांगरलेली कॅसिनोची जहाजे डोळ्यांपुढे आणा, म्हणजे दोन मांडव्यांमधले अंतर कळेल.

तरीही वेंगुर्ल्याचा नमुना जसाच्या तसा उचलून चालणार नाही. आपल्याकडची बहुतेक पाणथळ जागा बांधलेली आहे. कुडचड्याचे नंदा तळे 2022 मध्ये गोव्यातले पहिले रामसर स्थळ झाले, अवघ्या 42 हेक्टरांचे. तेही पाणी अडवून आणि सोडून खालच्या भातशेतीशी बांधलेले तळे आहे. करमळीचे तळेही तसेच माणसाच्या हातचे. आपल्या पाणथळींची दारे कुणीतरी लावली आणि कुणीतरी उघडली, तेव्हा कुठे तिथे पक्षी आले.

म्हणून योजना आखणाऱ्यांना माझे सांगणे वेगळे आहे. ते बहुधा पहिला प्रश्न विचारतात, किती पाहुणे येतील? पहिला प्रश्न असावा, या जागेचा बांध कुणाकडे आहे आणि त्याच्या दुरुस्तीचा खर्च आज कोण करतो? या प्रश्नाला उत्तर नसेल तर तिथे धक्का बांधू नये, फलक लावू नये, होडीचा परवाना देऊ नये. कारण मानशीच्या लिलावाने जे केले तेच होडीचा लिलाव करील. ज्याच्याकडे ठेका त्याचा मुक्काम वर्षाचा. त्याला पाहुणे हवेत, तेही जास्तीत जास्त. बांधाशी त्याचे देणेघेणे नाही. कोळंबीच्या जागी पाहुणा आला, एवढाच काय तो फरक.

कायदा आपल्या बाजूने अगदीच मुका नाही. 2011 च्या सागरी किनारा नियमन अधिसूचनेत गोव्यासाठी खास कलमे घातली गेली. खाजनांचे नकाशे करावेत, तिथल्या खारफुटीचे रक्षण करावे, खाजनांसाठी व्यवस्थापन आराखडा तयार करावा आणि खाजनात विकासकामांना परवानगी देऊ नये, असे तिथे म्हटले होते. दुसरीकडे 2016 च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्याच्या यादीत मांडवी, जुवारी आणि कुंभारजुव्याचा कालवाही आला. एका कागदावर खाजन, दुसऱ्या कागदावर जलमार्ग. पाणी मात्र एकच आहे, आणि मोठ्या बोटीची लाट कोणत्या कागदावरून आली हे बांध विचारत नाही.

तेव्हा गावात बसून करार करावा. कोमुनिदाद, कुळांचा संघ, पंचायत आणि मानशीवर जाळे लावणारा पागी, हे चौघेही सहीला हवेत. पागी तर आधी हवा. कोणत्या रात्री पाणी किती चढेल आणि कोणत्या ओहळात निवट्या जास्त, हे त्याला जेवढे ठाऊक तेवढे एकाही आराखड्यात नसते. उद्याचा मार्गदर्शक म्हणून बाहेरून मुलगा आणून त्याला पक्ष्यांची इंग्रजी नावे पाठ करून देण्यापेक्षा पागीच्या मुलाला दुर्बीण द्यावी. तिकिटाच्या पैशातला पहिला भाग बांधाच्या खात्यात जावा, जोणीच्या रीतीने, म्हणजे वाटणी शेवटी. होड्यांची संख्या त्या ओहळाच्या रुंदीवर आणि वेळ ओहोटीवर ठरवावी. पाहुण्यांच्या गाड्यांसाठी शेत बुजवू नये. फेरीबोट आहे, चालायला पाय आहेत. आणि पेरणीच्या हंगामात सफर बंद ठेवावी.

यात कुणाचा तोटा आहे असे मला वाटत नाही, कारण हंगाम आपल्या बाजूने आहे. थंडीचे पक्षी साधारण नोव्हेंबरात येऊ लागतात आणि मार्चपर्यंत बरेचसे परततात. त्या महिन्यांत शेतात भात नसते, पोंयीत मासळी असते आणि पाहुण्याला दाखवायला सगळे असते. एप्रिलात हिशेब होईल. बांधाची डागडुजी करायची असते ती पावसाच्या आधी, मे महिन्यात, चिखल थापता येईल आणि पहिल्या सरीपूर्वी वाळेल एवढ्या अवधीत. गावाला पैसे लागतात ते नेमके तेव्हाच.